अर्ध्यावर सोडलेला गेम आणि न आलेला भाऊ

वाचकाचं पत्र, थोडक्यात

हे वाचक २९ वर्षांचे आहेत, नाशिकच्या सिडकोत राहतात आणि अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी आणि पंचवटीत राहणाऱ्या धाकट्या मावसभावाने निम्मे-निम्मे पैसे घालून जुना पीएस फोर (टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र) घेतला. तेव्हापासून शनिवारची रात्र ठरलेली असायची. द्वारकेची गर्दी ओलांडून भाऊ स्कूटरवर येणार, मावशीने दिलेला डबा सोबत आणणार आणि एक-दीड वाजेपर्यंत दोघं आळीपाळीने खेळणार. ‘गॉड ऑफ वॉर’ त्यांनी असाच मिळून संपवला. मग सगळीकडे कौतुक ऐकून ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची जुनी डिस्क आणली. वाचक १४ तास खेळले आणि थांबले. त्यांच्या शब्दांत, “बोअर झालं, पण वाईटही म्हणवत नाही.” भावाने मात्र डिस्क घरी नेली, कटसीन (गोष्ट सांगणारे, सिनेमासारखे नुसते बघायचे प्रसंग) उडवत उडवत भराभर खेळला आणि परत येऊन म्हणाला, “दादा, तुला गेम कळतच नाहीत.” यांनी उत्तर दिलं, “गोष्ट न बघता खेळणाऱ्याला काय कळणार?” त्यानंतर तीन शनिवार भाऊ आलेला नाही. वडिलांचं म्हणणं असं, की हा सगळा जुगाराचाच प्रकार आहे, विकून टाका. वाचक विचारतात: सगळ्या जगाला आवडलेला गेम मला अर्धामुर्धाच आवडला, यात माझं काही चुकतंय का? आता वय झालं का? पीएस फोर विकू का? आणि भावाशी काय बोलू?

उत्तर

प्रिय मित्रा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओळी मोजल्या. गोळीबाराबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत. घोडा सावकाश जातो, प्रत्येक कपाट हाताने उघडावं लागतं, याबद्दल चार. आणि एका रात्री गेममधल्या टोळीच्या कॅम्पात शेकोटीभोवती सगळे गात बसलेले असताना तुम्ही कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसते ऐकत राहिलात, त्याबद्दल जवळजवळ अर्धं पान. बोअर झालेला माणूस अर्धं पान लिहीत नाही.

म्हणून ‘बोअर’ हा शब्द मला आधी बाजूला ठेवावासा वाटतो. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी त्या एका शब्दाखाली दडल्या आहेत. पहिली तक्रार संथपणाची. हा गेम २०१८ सालच्या ऑक्टोबरात आला आणि त्याची गोष्ट १८९९ च्या अमेरिकेत घडते. संपत चाललेल्या काळातली, संपत चाललेली एक टोळी. बनवणाऱ्यांनी तो काळ मुद्दाम तुमच्या हातांना जाणवू दिला आहे. शिकार केली की कातडं काढण्याची सगळी क्रिया बघावी लागते. कॅम्पात पळता येत नाही, चालावंच लागतं. सुरुवातीचे काही तास तर नुसत्या बर्फात पाय ओढत जातात. एकट्या मुख्य गोष्टीलाच साधारण ५० तास लागतात. दिवसभर मशीनवर उभं राहून, शनिवारी रात्री दहा वाजता कंट्रोलर हातात घेणाऱ्या माणसाला हे जड जाणं अगदी साहजिक आहे. त्यात वयाचा काही संबंध मला दिसत नाही. शिफ्टचा आहे.

दुसरी तक्रार तुम्ही एकाच वाक्यात उरकली आहे, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिता, “एका मिशनमध्ये मागच्या बाजूने जाऊन बघावं म्हटलं, तर मिशन फेल.” हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही. या गेमवर मनापासून प्रेम करणारेसुद्धा हेच म्हणतात: एरवी अख्खं जग मोकळं आहे, कुठेही जा, कुणालाही भेटा, पण मिशन सुरू झालं की दिलेल्या वाटेवरून एक पाऊल इकडेतिकडे टाकायची सोय नाही. माझं मत विचाराल तर संथपणा हा त्या गेमचा स्वभाव आहे आणि ही आखडलेली मिशनं हा त्याचा दोष आहे. स्वभाव पटला नाही तर आपण तिथून निघू शकतो, त्यात कुणाचंच चुकत नाही. दोष दिसला तर तो दोष म्हणून सांगावा. तुम्ही दोन्हींची मोट बांधलीत आणि सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलंत.

आता ‘सगळ्या जगाला आवडलेला गेम’ याकडे येते. हे सगळं जग म्हणजे नेमकं कोण? कॉम्प्युटरवर गेम विकणाऱ्या स्टीमवर खेळाडूंना मत द्यायचं असेल तर दोनच बटणं असतात: शिफारस करतो किंवा करत नाही. अंगठा वर किंवा अंगठा खाली. त्यांतली ४० ते ६९ टक्के मतं अनुकूल असली की गेमवर ‘मिक्स्ड’ असा शिक्का बसतो. हे जरा निरखून बघा. त्या शिक्क्यामागे ‘निम्मं आवडलं, निम्मं नाही’ असं म्हणणारा एकही माणूस नसला तरी चालतं, कारण तसं म्हणायला बटणच नाही. काहींचे अंगठे वर, काहींचे खाली, इतकंच. आणि ज्या गेमवर भरघोस कौतुकाचा शिक्का आहे, त्याच्या वर गेलेल्या अंगठ्यांमध्ये तुमच्यासारखे किती जण असतील, ज्यांना शेकोटी आवडली आणि मिशनं नाही, हे कुणालाही दिसत नाही. तुमचं मत दुर्मीळ नाही, मित्रा. ते नोंदवायला जागा नाही.

शिवाय जग एकमताने काही म्हणतं असंही नाही. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग २०२० च्या जूनमध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि त्या वर्षअखेरीस गेम ॲवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्याच वेळी, आल्या आल्या, खेळाडूंनी त्याला इतके कमी गुण दिले की दोन्ही आकडे एकाच गेमचे आहेत यावर विश्वास बसू नये. भांडण गोष्टीवरूनच होतं: पहिल्या भागातल्या लाडक्या माणसाचं काय झालं आणि नंतर कुणाच्या भूमिकेत शिरून खेळावं लागलं, यावरून. (तुम्ही तो खेळला नसाल तर याहून जास्त सांगत नाही.) सिनेमात एखादं पात्र न पटणारं काही करतं तेव्हा आपण खुर्चीत बसून नापसंती दाखवतो. गेममध्ये तेच कृत्य आपल्या अंगठ्याने करावं लागतं. म्हणून गोष्टीच्या गेमबद्दलची मतं एवढी टोकाची आणि एवढी दुभंगलेली असतात, असं मला वाटतं. आपण तिथे नुसते प्रेक्षक राहत नाही.

आणि मत कधी बनलं, कुठल्या यंत्रावर बनलं, हेही विचारायला हवं. ‘सायबरपंक २०७७’ २०२० च्या डिसेंबरात आला तेव्हा तुमच्याकडे आहे तशा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळायचा की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढून घेतला. २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर नव्या यंत्रावर खेळणारा माणूस त्याच नावाच्या गेमबद्दल भारावून बोलतो. दोघंही खरं सांगताहेत. पण वाद घालणारे कुणी एकमेकांना विचारत नाहीत की बाबा, तू कधी खेळलास आणि कशावर?

मला या सगळ्यात संगीत नाटकाची आठवण येते. माझी आजी बालगंधर्वांच्या नाटकांबद्दल ऐकलेल्या गोष्टी सांगायची. पद रंगलं की ‘वन्स मोअर’, मग पुन्हा ‘वन्स मोअर’. रंगमंचावर नायिका दुःखात बुडालेली, कथा ऐन मोक्यावर आलेली, आणि तेच पद तिसऱ्यांदा सुरू. पदांसाठी आलेला माणूस तृप्त. गोष्टीसाठी आलेला माणूस घड्याळ बघतोय. घरी जाताना दोघं एकाच टांग्यात बसून त्याच नाटकाबद्दल भांडणार. गोष्टीच्या ॲक्शन गेममध्ये मारामारी हे पद आहे आणि कटसीन हे गद्य. ज्या नाटकात पद आल्याने गोष्ट पुढे सरकते, तिथे दोन्ही प्रेक्षक खूश असतात. ज्यात पदासाठी गोष्टीला ताटकळत उभं राहावं लागतं, तिथे निम्मे नाराज.

‘गॉड ऑफ वॉर’ तुम्हा दोघांनाही का आवडला, याचं उत्तर मला इथे सापडतं. २०१८ सालच्या त्या गेममध्ये सुरुवातीपासून शेवटापर्यंत कॅमेरा एकदाही तुटत नाही. लढाईतून संवादात आणि संवादातून लढाईत जाताना दार उघडल्याचा आवाजही येत नाही. आणि होडीतल्या गोष्टी आठवा! बाप-लेक वल्हवत निघाले की गोष्ट सुरू होते. तुम्ही मध्येच किनाऱ्याला लागलात की ती अर्ध्यावर थांबते आणि होडीत परत बसलात की राहिली तिथून पुढे चालू होते. भावाला होडी हाकायची होती, तुम्हाला ऐकायचं होतं. दोघांचंही एकाच वेळी भागत होतं, म्हणून तुमच्यातला फरक तेव्हा कळलाच नाही. ‘रेड डेड’ने तो उघडा पाडला. फरक आधीपासून होताच.

क्लिंट हॉकिंग नावाच्या एका गेम डिझायनरने २००७ मध्ये ‘बायोशॉक’बद्दल लिहिताना या दुखण्याला एक जडजंबाल नाव दिलं: ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. साध्या मराठीत सांगायचं तर गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात. कटसीनमध्ये नायक माणसं मारून थकला आहे, त्याला पश्चात्ताप होतोय. आणि पुढच्याच मिशनमध्ये आपण त्याच्या हातून डझनावारी माणसं पाडतोय. ही टीका इतकी गाजली की ‘अनचार्टेड ४’ बनवणाऱ्यांनी १००० शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला हेच नाव देऊन टाकलं. ‘रेड डेड’चा नायक आर्थर, त्याच्याबद्दल तुम्ही पत्रात लिहिलंय, “शेकोटीजवळचा आर्थर आणि बंदूक घेतलेला आर्थर मला एकच माणूस वाटत नाही.” हॉकिंगचं नावही न ऐकता तुम्ही तिथे पोचलात. ज्याला गेम कळत नाहीत, त्याला हे सुचत नाही. भावाचं ते वाक्य मनातून काढून टाका.

आता माझा एक अनुभव सांगते, कारण ‘निम्मं आवडलं’ हे म्हणायला मलाही जड गेलं होतं. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, २०२० साली. सर्कशीतली एक मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि तिच्या मागे उभी राहिलेली दुर्गा. दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत बोलत आपल्याला गोष्ट सांगतात आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे पडद्यावर उलगडतात. आपल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या मी लहानपणी पाहिल्या होत्या. त्या सावल्या हलताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग लढाया सुरू झाल्या. मुलगी भिंतीवरून झेप घेते ती इतकी सुंदर, पण वार करताना बटण दाबणं आणि त्रिशूळ फिरणं यांचा मेळ मला काही केल्या जमेना. कंटाळा यायला लागला. शेवटही असा अचानक आला की आपल्याकडून काही राहिलं का म्हणून मी शोधत बसले.

माझी भाची म्हणाली, “मावशी, आपल्या माणसांनी केलंय, जरा चांगलं बोल ना.” मी गप्प बसले. कित्येक दिवस कुणी विचारलं की नुसतं “छान आहे” म्हणायचे. आज मला ते चुकीचं वाटतं. त्या गेमला गेम ॲवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नासाठीच्या विभागात नामांकन मिळालं होतं, माझ्या दयेची त्याला गरज नव्हती. ‘छायाबाहुल्या अप्रतिम, लढाई कच्ची, शेवट घाईचा’ हे सांगितलं असतं, तर ज्याला छायाबाहुल्यांसाठी खेळायचंय तो नक्की खेळला असता आणि ज्याला लढाईच हवी आहे त्याचे पैसे वाचले असते. नुसत्या ‘छान’ने दोघांपैकी कुणाचंच काम झालं नाही.

तुम्हालाही हीच विनंती, आणि असाच प्रश्न पडलेल्या इतरांनाही: गेम कसा आहे असं कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देऊ नका. गोष्ट कशी, हाताला कसा लागतो, किती वेळ मागतो आणि मी तो कुठल्या यंत्रावर, कुठल्या मनःस्थितीत खेळलो, एवढं सांगा. चार वाक्यं होतील.

आता भावाबद्दल. तुमच्या पत्रात एक ओळ अगदी सहज आली आहे: “आम्ही दोघंही मराठी माध्यमातले.” मला वाटतं, सगळ्या भांडणाची किल्ली तिथे आहे. त्या गेममधली माणसं सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बोलीत, शब्द गिळत, एकमेकांच्या बोलण्यावर बोलत जातात. खाली सबटायटल पळतंय, वर घोडा पळतोय, बाजूने गोळ्या येताहेत. इंग्रजी वाचायला ज्याला अर्धा सेकंद जास्त लागतो, त्याच्यासाठी ती गोष्ट नुसता गोंगाट आहे. तुम्ही नोकरीमुळे इंग्रजीला थोडे सरावलात. तो २२ वर्षांचा मुलगा तुमच्यासमोर ‘मला कळत नाही’ असं म्हणेल का? तो ‘स्किप’ दाबेल आणि ‘गोष्टीत काय ठेवलंय’ म्हणेल. माझा हा अंदाज चुकीचाही असेल. पण “गोष्ट न बघता खेळणाऱ्याला काय कळणार” हे वाक्य ज्या दिवशी तुम्ही त्याला बोललात, त्या दिवशी ते नेमकं कुठे लागलं असेल, याचा एकदा विचार करा.

दुसरी शक्यता अशी की त्याला खरोखरच लढाईतच सगळं मिळतं. तसे खेळाडू असतात आणि ते उथळ नसतात. ‘गॉड ऑफ वॉर’मधल्या एखाद्या बॉसशी, म्हणजे टप्प्यावरच्या मोठ्या शत्रूशी, तो कसा लढला, पाचव्यांदा हरल्यावर काय बदललं, कुठल्या क्षणी ढाल उचलली, हे त्याला सांगायला लावा आणि मध्ये न बोलता ऐका. ती त्याची गोष्ट आहे. तिच्यात नायक, अडचण, सगळं असतं. फक्त ती कटसीनमध्ये नसते, त्याच्या हातात असते.

त्याच्याशी बोलायचं कसं, तर फोनवर सफाई देत बसू नका. पंचवटीत जा. मावशीकडे चहा घ्या. “त्या दिवशी मी जास्त बोललो” एवढं वाक्य पुरे आहे, तुम्ही मोठे आहात म्हणून ते तुमच्याकडून आधी यायला हवं. गेमचा विषय मावशीसमोर काढू नका. निघताना, जिन्यात काढा.

आणि मग त्याला एक प्रस्ताव द्या. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात, तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. ऐकणाऱ्याला ओवी कळली नाही म्हणून कुणी त्याला हसत नाही, अर्थ सांगणारा असतोच त्यासाठी. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तो मूकपट होता. प्रसंगांच्या मध्ये पाट्या यायच्या, आणि मूकपटांच्या त्या काळात ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचं कुणीतरी पाटी मोठ्याने वाचायचं. तुम्ही तेच करा. कंट्रोलर त्याच्याकडे, अर्थ तुमच्याकडे. तो खेळेल, तुम्ही मराठीत सांगाल: हा टोळीचा म्होरक्या डच आहे ना, याचा आता कुणावर विश्वास राहिलेला नाही, आणि तो म्हातारा होजिया त्याला अडवतोय. ‘रेड डेड’मध्ये यासाठी एक चांगली सोय आहे. नकाशावर ठिकाण टाका, सिनेमॅटिक कॅमेरा चालू करा आणि चालण्याचं बटण दाबून धरा, घोडा रस्त्याने आपोआप जातो. ज्या लांबलचक रपेटीचा तुम्हाला कंटाळा आला, तोच तुमचा सांगण्याचा वेळ. लढाई आली की तुम्ही गप्प, त्याचं काम सुरू. तुमच्या अंगठ्याचा थकवाही त्यात मिटेल.

तरीही हा गेम पुढे न्यायचा की नाही, हा प्रश्न उरतोच, आणि इथे मी तुम्हाला ‘संपवाच’ असं सांगणार नाही. १४ तास घातले म्हणून आणखी ३६ घालायचे, हा हिशोब चुकीचा आहे. गेलेले तास परत येत नाहीत. मी स्वतः एक खूण बघते. न खेळण्याच्या दिवशी, म्हणजे कंपनीच्या बसमध्ये, पाळी संपवून परत येताना, त्यातली माणसं आठवतात का? की फक्त ‘अजून किती राहिलंय’ एवढंच आठवतं? माणसं आठवत असतील तर जा परत. उरलेलंच आठवत असेल तर डिस्क कुणाला तरी देऊन टाका, कुणाचाही अपमान होत नाही. तुमचं ते अर्धं पान वाचून मला वाटतं, तुम्हाला माणसं आठवताहेत.

पुढचा गेम घेताना मात्र जरा वेगळं वागा. मोठ्या नावाच्या मागे लगेच जाऊ नका. शिफ्टच्या माणसाने आधी तास बघावेत. ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ हा २०१७ चा गेम सात-आठ तासांत संपतो. डोक्यात आवाज ऐकू येणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे, बनवताना केंब्रिजच्या मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतली होती. तो हेडफोन लावून एकट्याने खेळायचा गेम आहे, शनिवारसाठी नाही. मन आधीच जड असेल तेव्हा तर नकोच, तो फार आत शिरतो. दोघांसाठी ‘राजी’ बघा, त्यात नंतर हिंदी आवाजही आले, आणि तो ५० तास मागत नाही. लढाईबद्दल मी वर सांगितलंच आहे, ती भावाकडे सोपवा. जमेल तिथे डिस्कच घ्या, नाही आवडलं तर पुढे देता येते. कॉम्प्युटरवर स्टीमवरून घेणाऱ्यांसाठी: विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिले दोन तास हे खरे परीक्षेचे, ते रात्री झोपाळलेल्या डोळ्यांनी घालवू नका.

आणि डिफिकल्टी कमी करायला लाजू नका. ‘गॉड ऑफ वॉर’मधल्या सगळ्यात सोप्या पातळीचं नावच ‘मला गोष्ट द्या’ अशा अर्थाचं आहे. बनवणाऱ्यांनीच ते दार उघडं ठेवलंय. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात तर ६० हून अधिक सोयी आहेत: सबटायटलची अक्षरं मोठी करा, बोलणाऱ्याचं नाव दाखवा, नेम धरायला मदत घ्या. कुठलाही गेम सुरू केला की आधी सेटिंगमध्ये जाऊन सबटायटलचा आकार बघणं, हे तुमच्या भावासाठी तरी नक्की करा.

वडिलांच्या बाबतीत तुम्ही चिडला आहात, पण त्यांची भीती निराधार नाही. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या गेमनी कितीतरी घरं पोखरली. म्हणूनच २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. वडिलांच्या लेखी ‘गेम’ म्हणजे तेच. त्यांना वाद घालून पटणार नाही. एकदा शेजारी बसवा आणि दाखवा, की डिस्कचे पैसे एकदा दिले, यात पुढे काही लावायचं नसतं, जिंकायचंही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची व्याख्या केली आहे, तीही सांगता येईल: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू असणं. आठवड्यातून एक रात्र भावासोबत खेळणं यात बसत नाही. फक्त रविवारची पहिली पाळी असेल तेव्हा दीडपर्यंत जागू नका. तिथे वडिलांचं बरोबर आहे आणि ते त्यांना मोकळेपणी सांगा. तुम्ही लिहिलंय की ते कीर्तनाला जातात. मग पूर्वरंगात कंटाळून आख्यानाची वाट बघणारी माणसं त्यांनी पाहिली असतील. तुमचं आणि भावाचं भांडण त्यांना कदाचित तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

पीएस फोर सध्या विकू नका. जुन्या यंत्राचे हातात येऊन येऊन किती येतील, आणि त्यातले निम्मे भावाचे. त्याला न विचारता विकलंत तर ते तीन शनिवारांवर थांबणार नाही.

तुमचा सेव्ह, म्हणजे खेळ थांबवून जपून ठेवला ती जागा, अजून कॅम्पातच असेल ना? शक्य आहे. मग येत्या शनिवारी मिशन सुरूच करू नका. रात्र होऊ द्या, शेकोटीजवळ कुणी गायला बसलं की कंट्रोलर भावाच्या हातात द्या, आणि ते काय गाताहेत ते त्याला मराठीत सांगा.